तोंडवळा पुसणाऱ्यांना

आमच्या आईला अक्षरओळख नाही. हे मी लाजून सांगत नाही आणि मोठेपणाने तर मुळीच नाही; पुढे जे भांडण मांडायचे आहे त्याला ते आवश्यक आहे, म्हणून आरंभीच सांगून टाकतो. सत्तरी ओलांडलेली ही बाई दरवर्षी दिवाळीच्या बाजाराची यादी मला तोंडी सांगते आणि मी, पहिलीच्या वर्गाचा मास्तर, ती मुकाट्याने कागदावर उतरवून घेतो. "दोन हत्तींचा गोंद आण, आकाशकंदिलाला लागेल. बाळाच्या चित्राचे पिवळे पुडे आण चार. लोणी आणशील ते ठिपक्यांच्या झग्यातल्या पोरीचं. आणि डासांसाठी कासव." साऱ्या यादीत एकाही कंपनीचे नाव नसते. तरीही ही यादी जशीच्या तशी वाण्यापुढे वाचली, तर त्याचा हात कोणत्याही फळीवर चुकत नाही. फेविकोल, पार्ले-जी, अमूल असे शब्द उच्चारण्याची दोघांनाही गरज पडत नाही.

सुशिक्षित मंडळी याला अडाणीपणा म्हणतील. मी याला वाचन म्हणतो. आपल्या भाषेने तर या वाचनासाठी एक सुरेख शब्द कधीच घडवून ठेवला आहे: छाप. घोडा छाप, गाय छाप, कासव छाप. आज ज्याला 'बोधचिन्ह' असे भारदस्त नाव देऊन त्यावर व्याख्याने झोडली जातात, ते आपल्या बाजारपेठेला फार पूर्वीपासून ठाऊक होते. माल चित्रावर खपतो. कारण गिऱ्हाईक आधी पाहते आणि मग, जमले तर, वाचते.

'जमले तर' हे शब्द मी केवळ निरक्षरांसाठी वापरलेले नाहीत. गेल्या वर्षी वर्गात मी एक खेळ केला. मुलांकडून रिकामी वेष्टने आणवली आणि बिस्किटाच्या पुड्यावरील नावावर कोरा कागद डकवून पुडा वर धरला. पिवळे-पांढरे पट्टे आणि ते गुबगुबीत बाळ दिसताच साऱ्या वर्गाने एका सुरात नाव पुकारले. मग उलट केले. तेच नाव निळ्या कागदावर ठसठशीत अक्षरांत लिहून फळ्यावर लावले. सहा महिने बाराखडी गिरवलेली तीच मुले 'पा... र... पार...' अशी अडखळू लागली. शिक्षकांच्या खोलीत हाच प्रयोग मी माझ्या सहकाऱ्यांवर केला. ते अर्थातच अडखळले नाहीत. परंतु झाकलेल्या नावाचा पुडा त्यांनीही उघड्या नावाच्या कागदापेक्षा लवकर ओळखला. तेव्हा अडाणी कोण आणि शहाणा कोण, हा भेद या प्रांतात फारसा टिकत नाही.

मग एखादी वस्तू पाहताक्षणी ओळखू येते ती कशामुळे? जाहिरातीच्या धंद्यातले पंडित याचे उत्तर गहन करून सांगतात. त्यांच्या मते चिन्हात कंपनीचे ध्येय, तिची गती, तिचे भविष्य, तिचा आत्मा असे सारे उतरावे लागते. मला हे थोतांड वाटते, आणि का ते दाखल्यानिशी सांगतो.

१९१५ साली अमेरिकेत कोकाकोलावाल्यांनी काचकारखान्यांपुढे बाटलीसाठी एक अट ठेवली. अंधारात नुसत्या हाताने चाचपली तरी बाटली आमचीच हे कळावे. आणि फुटून जमिनीवर पडली असली, तरी तुकड्यांवरून कळावे. इंडियाना राज्यातील रूट ग्लास कंपनीने कोकोच्या शेंगेचे चित्र पाहून तिच्या उभ्या शिरांवरून आणि फुगीर अंगावरून बाटली घडवली. गंमत अशी की, त्या पेयात कोकोचा अंशही नाही! चिन्हाचा मालाशी अर्थाअर्थी संबंध नव्हता. तरीही शंभरावर वर्षे ती बाटली जगभर ओळखली जात आहे. आपल्याकडील स्टेट बँकेचे चिन्ह घ्या. निळे वर्तुळ, मध्ये लहानसे पांढरे वर्तुळ आणि तिथून खाली उतरणारी एक फट. १९७१ साली आलेले हे चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी काढलेले. कुणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, कुणी त्यात अहमदाबादचा कांकरिया तलाव पाहतो. काय दिसते याला महत्त्व नाही. पहिलीतले पोर ते पाटीवर काढू शकते आणि पेन्शनीची रांग गाठू पाहणारा म्हातारा ते रस्त्याच्या टोकावरून ओळखू शकतो, याला महत्त्व आहे.

आपली एस्. टी. तर याहून बोलका दाखला. १ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली गाडी धावली ती लाल नव्हती. निळी आणि रुपेरी होती. लाल रंग मागाहून आला. म्हणजे लाल रंगात उपजत असे 'एस्. टी.पण' काही नव्हते. परंतु तो वर्षानुवर्षे त्याच अंगावर, त्याच घाटातून, त्याच फाट्यावर दिसत राहिला. आणि माळावर उभ्या असलेल्या बाईने दूरच्या धुळीत तांबडा ठिपका पाहून लेकराला कडेवर घ्यावे इतका तो ओळखीचा झाला. पाटी वाचता येण्याइतकी गाडी जवळ येण्याआधीच तिने पदर खोचलेला असतो.

या सगळ्यांतून निघते ते एवढेच. खूण साधी असावी, म्हणजे एका नजरेत मावेल. ती शेजाऱ्यापेक्षा वेगळी असावी, म्हणजे फळीवर चुकणार नाही. आणि ती टिकावी, म्हणजे डोळ्यांत मुरेल. पहिल्या दोन गोष्टी चित्रकार देऊ शकतो. तिसरी कोणताही चित्रकार देऊ शकत नाही. ती काळ देतो, आणि काळाबरोबर गिऱ्हाईक देते. लोणच्याच्या बरणीत कैरी, मीठ, मोहरी घालणे आपल्या हाती असते. मुरणे आपल्या हाती नसते. ज्या ओळखीवर कंपन्या कोट्यवधी रुपये मिळवतात तिचा एक तृतीयांश भाग असा घडतो. मोठी संख्या सांगितल्याचा आव नको. ही मास्तराची ढोबळ बेरीज आहे. पण तीन अटींपैकी सर्वांत अवघड अट गिऱ्हाइकाने पुरी केलेली असते, एवढे तरी नाकारता येणार नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे फार नेमके ओळखले आहे. १९७२ साली एका खटल्याचा निकाल लागला. पार्ले कंपनीच्या ग्लुको बिस्किटांच्या वेष्टनावर त्या काळी शेतातल्या घराचे चित्र असे. मधोमध पाण्याची बादली नेणारी मुलगी, भोवती गाई आणि कोंबड्या. म्हैसूरच्या एका कंपनीने आपल्या ग्लुकोज बिस्किटांवर मुलगीच काढली. तिच्या डोक्यावर गवताचा भारा, हातात विळा आणि भोवती पुन्हा गाई-कोंबड्या. रंगसंगती जवळजवळ तीच आणि आकारही तोच. खालच्या न्यायालयांनी दोन्ही कागदांतले फरक मोजले आणि पार्लेचे म्हणणे फेटाळले. बादली निराळी, भारा निराळा, नाव निराळे. मग फसवणूक कुठली? सर्वोच्च न्यायालयाने हा हिशेबच मोडीत काढला. दोन वेष्टने शेजारी शेजारी ठेवून फरक शोधत बसायचे नसते. गिऱ्हाइकाच्या मनात जो एकूण ठसा उरतो त्याला दुसरे वेष्टन मिळतेजुळते आहे का, हे पाहायचे असते. आणि सामान्य गिऱ्हाइकाकडे काही शेरलॉक होम्सची नजर नसते, अशा आशयाचे एक मिस्कील वाक्यही निकालात आहे. निकाल पार्लेच्या बाजूने लागला.

निकाल कंपनीच्या बाजूने लागला खरा. पण मला विचाराल तर तो आमच्या आईच्या बाजूने लागला. तिची धूसर, अपुरी, तरीही भरवशाची आठवण ही कायद्याने जपण्याजोगी वस्तू आहे, असे देशाच्या सर्वांत मोठ्या न्यायासनाने सांगितले.

येथे माझ्या भांडणाचे खरे टोक येते. या आठवणीला चोर दोन. एक बाहेरचा, जो नक्कल करतो. त्याच्यासाठी १९९९ चा कायदा आहे, वकील आहेत, दंड आहे. दुसरा चोर घरातला. तो म्हणजे मालक स्वतः! एके दिवशी त्याला किंवा त्याच्या नव्या साहेबाला वाटते की आपला तोंडवळा जुना झाला. मग मोठमोठ्या रकमा मोजून नवे रूप मागवले जाते, समारंभ होतो, पडदा सरकतो आणि लाखो लोकांच्या डोळ्यांत मुरलेली खूण एका रात्रीत पुसली जाते. याच्यावर खटला भरता येत नाही. कारण काय, तर खूण त्याच्या मालकीची!

या हौसेची फळे कधी कधी मालकालाही चाखावी लागतात. २००९ च्या आरंभी अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाच्या कंपनीने खोक्यावरचे चित्र बदलले. नळी खुपसलेले संत्रे गेले आणि त्याच्या जागी रसाचा पेला आला. रस तोच होता. दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीला जुने संत्रे परत आणावे लागले. लोक रस विसरले नव्हते. त्यांना फळीवर तो सापडेना. २०१० साली गॅप नावाच्या कपड्यांच्या कंपनीने नवे चिन्ह काढले आणि लोकांनी इतका गिल्ला केला की आठवड्याच्या आत ते मागे घेतले. नेहमी असेच घडते असे मात्र मी म्हणणार नाही. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी एशियन पेंट्ससाठी हातात ब्रश घेतलेला एक खोडकर पोरगा काढला. त्याचे 'गट्टू' हे नाव लोकांकडूनच मागवले होते. २००२ साली कंपनीने त्याला निरोप दिला आणि तरीही तिचा धंदा वाढतच गेला. मोठी कंपनी असे धक्के पचवते. पचत नाहीत ते गिऱ्हाइकाला. आणि माल रंगाचा नसून औषधाचा असला, म्हणजे न पचणे किती महागात पडते ते आता सांगतो.

आईला दोन दुखणी आहेत, मधुमेह आणि रक्तदाब. गोळ्या दोन, दोन्ही एकाच कंपनीच्या. सकाळची तांबड्या पट्टीतली, रात्रीची हिरव्या पट्टीतली. डॉक्टरांनी एकदाच समजावले होते. आईने सहा वर्षांत एकदाही चूक केली नाही. मागच्या पावसाळ्यात त्या कंपनीने आपल्या साऱ्या औषधांना एकच रूप दिले. पांढरी-करडी पट्टी, कोपऱ्यात कंपनीचे नवे गोल चिन्ह, आणि औषधाचे नाव मुंगीच्या पायाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. नव्या पट्ट्या मीच आणल्या होत्या. वेष्टन बदलल्याचे मी पाहिले आणि सुंदर दिसते असेही मनात म्हटले. माझा अपराध मी झाकून ठेवत नाही. आईने विचारले, "ही हिरवी कुठली रे?" घाईत मी एक पट्टी दाखवली आणि शाळेला निघालो. तीन दिवस निभावले. चौथ्या रात्री तिने रक्तदाबाच्या गोळीऐवजी पुन्हा मधुमेहाचीच गोळी घेतली. पहाटे ती घामाने चिंब झाली होती. मला ओळखेना, मला तिच्या थोरल्या भावाच्या नावाने हाका मारू लागली. माझ्या पत्नीला प्रसंगावधान म्हणून तिने साखरेचे पाणी पाजले आणि आम्ही डॉक्टरांकडे धावलो. आई वाचली. शुद्धीवर येताच पहिले वाक्य बोलली ते असे: "माझंच चुकलं रे बाळा, मला वाचता येत नाही ना."

हे वाक्य मी अजून विसरू शकलेलो नाही. सहा वर्षे जी बाई बिनचूक वाचत होती, तिला एका कंपनीने एका पावसाळ्यात निरक्षर केले. आणि अपराधी मात्र तीच ठरली, तेही स्वतःच्या नजरेत!

मी कंपनीला पत्र लिहिले. उत्तर आले, गुळगुळीत कागदावर आणि त्याहून गुळगुळीत भाषेत. नवे रूप हे आमच्या 'एकात्म व आधुनिक ओळखीचे' प्रतीक आहे, असा त्याचा मथितार्थ. ओळख कुणाची? कंपनीची! फळीवर शंभर पट्ट्या एका कुळातल्या दिसाव्यात, हे त्यांचे सुख. त्या शंभरांतली आपली एक कोणती, हे माझ्या आईचे दुःख. ओळखू येणे म्हणजे नेमके काय, हेच या मंडळींना उमगलेले नाही. कंपनी ओळखू यावी म्हणून औषध ओळखू येईनासे झाले, तर ती ओळख नव्हे, तो गणवेश. माझ्या वर्गात साठ पोरे एकाच गणवेशात बसतात, पण त्यांचे चेहरे मी झाकून ठेवत नाही!

औषधांच्या बाबतीत न्यायालयाचे मतही असेच कडक आहे. २००१ साली कॅडिला नावाच्याच दोन कंपन्यांमध्ये मलेरियावरील औषधांच्या सारख्या नावांवरून तंटा झाला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की औषधांत घोटाळा झाला तर जिवावर बेतू शकते. म्हणून तेथे इतर मालापेक्षा अधिक काटेकोर कसोटी हवी. हे दोन कंपन्यांमधल्या घोटाळ्याविषयी झाले. एकाच कंपनीने आपल्याच दोन औषधांत घोटाळा घातला, तर गिऱ्हाइकाने कोणत्या दारी जावे?

यावर दोन आक्षेप येतील, ते आधीच ऐकून घेतो. पहिला असा: "मास्तर, मग काही बदलायचेच नाही का? आजोबांच्या काळचे डबे जन्मभर वागवायचे?" मी असे म्हणत नाही. चेहरासुद्धा बदलतो, पण तो रोज आरशात पाहणाऱ्याला कळू नये इतक्या सावकाश बदलतो. पार्लेने पुढे नाव बदलून पार्ले-जी केले आणि मेणकागदाचा पुडा जाऊन प्लॅस्टिकचा आला. पण पिवळे-पांढरे पट्टे आणि बाळ हलले नाही. अमूलची मुलगी १९६६ साली युस्टेस फर्नांडिस यांनी काढली. तेव्हापासून ती सतत नव्या विषयावर नवी कोटी करते आहे. पण झग्यावरचे ठिपके आणि डोक्यावरची शेंडी तीच आहे. बोलणे रोज नवे आणि तोंडवळा जुना. आधुनिकता याहून निराळी काय असते? बदल करावयाचाच, तर आधी काय हलवायचे नाही ते ठरवावे. ज्या एका खुणेवरून अडाणी माणूस माल ओळखतो, ती खूण शेवटपर्यंत राखावी.

दुसरा आक्षेप अधिक टोचणारा. "तुम्ही शिक्षक ना? मग आईला वाचायला शिकवा!" शिकवीन. शिकवणे हा माझा धर्मच आहे. परंतु चष्मा न सापडलेला प्राध्यापक, पहाटे अर्धवट झोपेत औषध शोधणारी बाई, परमुलखात भाषा न समजणारा मजूर, यांना कोणत्या शाळेत घालायचे? आपण सारेच दिवसातून अनेकदा काही क्षण निरक्षर असतो, आणि त्याच क्षणी आपल्याला खुणेची गरज असते. शिवाय साक्षरतेचा उपदेश ज्यांच्या तोंडून येतो, त्यांनी आधी आपली पट्टी आपल्या गिऱ्हाइकाच्या लिपीत आणि डोळ्यांना झेपेल अशा अक्षरांत छापावी. मग आम्हाला शिकवावे.

तेव्हा कारखानदारांना आणि त्यांच्या चित्रकारांना माझे सांगणे असे. नवे रूप घडवताना तुम्ही वातानुकूलित खोलीत पडद्यावर ते पाहता. तसे पाहू नका. ते वाण्याच्या अंधाऱ्या फळीवर ठेवा, धुळीत ठेवा, भोवती दहा परके डबे ठेवा आणि ज्याला वाचता येत नाही अशा एका माणसाला ते हुडकून आणायला सांगा. तो चुकला, तर अपराध तुमचा, त्याचा नव्हे. खुणेचा कागद तुमच्या तिजोरीत असेल. पण खूण राहते ती आमच्या डोळ्यांत. ती पुसण्यापूर्वी आम्हाला विचारण्याची सभ्यता तरी दाखवा. निदान औषधाच्या बाबतीत ती सभ्यता नव्हे, कर्तव्य आहे.

आमच्या घरी आता नवी व्यवस्था आहे. ती मी केलेली नाही, आईनेच केली. बरे वाटू लागल्यावर तिने देव्हाऱ्यातला पूजेचा लाल दोरा मागून घेतला आणि सकाळच्या पट्टीला गुंडाळला. रात्रीच्या पट्टीला हिरवा दोरा हवा होता, तो सुईदोऱ्याच्या डब्यात मिळाला. नवी पट्टी आणली की मी ती तिच्या हातात देतो, कोणती ते दोनदा सांगतो आणि ती तोंडाने मोजत दोरा बांधते. परवा दिवाळीच्या सामानाची यादी सांगता सांगता ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "आणि हो, हिरवा दोरा संपत आलाय. तेवढा विसरू नकोस."

मी तो यादीत सर्वांत वर लिहिला आहे.